चोर बाजारातल्या औषधाच्या जुन्या रंगीत बाटल्या: ओळखायच्या कशा, जपायच्या कशा

मुंबईत औषधाच्या जुन्या बाटल्या अजून मिळतात. गिरगावातल्या चाळी आणि दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जात आहेत, म्हाताऱ्या डॉक्टरांचे दवाखाने बंद होत आहेत, आणि त्यांच्या पोटमाळ्यावरचं सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवरून थेट बाजारात पोचतं आहे. गोणपाटावर मांडलेली निळी, तपकिरी, हिरवी काच उन्हात चमकली की घेणारा रंगावरच भाळतो. विकणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं.

माझं म्हणणं असं की रंग सगळ्यात शेवटी बघावा. आधी सांधा (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे काचेवर उठणारी उभी रेघ), मग तोंड, मग बूड, मग लेबल, आणि ती बाटली कुणाच्या घरातून आली याची माहिती. रंगाचा नंबर त्यानंतर. शिवाय जुन्या बाटल्यांबद्दल सहज सापडणारी बहुतेक माहिती अमेरिकेतल्या बाटल्यांवरून लिहिलेली असते. ती मुंबईच्या बाटलीला जशीच्या तशी लावली तर वयाचा अंदाज पन्नास-पन्नास वर्षांनी चुकू शकतो. तो कसा चुकतो, हे पुढे सविस्तर येईलच.

आधी इतिहास, कारण त्याशिवाय बाटली मुकी

पूर्वी औषध तयार पाकिटात मिळत नसे. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि कंपाउंडर आतल्या खोलीत मिक्श्चर बनवून बाटलीत भरून देई. बाटली बहुतेकदा पेशंटनेच घरून धुऊन आणायची. बाटलीच्या अंगावर कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली असे आणि तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत, एका खाचेचा एक डोस. ही पट्टी अजून चिकटलेली बाटली मिळाली तर ती कुठल्याही निळ्या काचेपेक्षा मोलाची समजा. काही बाटल्यांवर पट्टीऐवजी काचेतच चमच्यांच्या रेघा उठवलेल्या असतात.

दुकानदाराच्या मांडणीवरच्या बाटल्या वेगळ्या असत. त्या गोल, जाड, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाच्या, आणि त्यांच्यावर सोनेरी किंवा काळ्या अक्षरांत लॅटिन नावांची आखूड रूपं असत: ‘टिंक्ट.’ म्हणजे अर्क, ‘सिर.’ म्हणजे पाक, ‘लिन.’ म्हणजे चोळायचं औषध, ‘पल्व्ह.’ म्हणजे चूर्ण. ‘टिंक्ट. ओपिआय’ लिहिलेल्या बाटलीत अफूचा अर्क असे. केम्प्स कॉर्नर हे नाव ज्या केम्प आणि कंपनीवरून पडलं, ते असंच औषधांचं दुकान होतं. दुकानाच्या दर्शनी काचेत लाल, निळ्या, हिरव्या पाण्याचे मोठे फुगीर काचगोळे ठेवायची पद्धत विलायतेतून आली. त्यांत रंग पाण्याला असे, काच साधी बिनरंगी असे. असा रिकामा गोळा कुणी ‘रंग उडालेला’ म्हणून स्वस्तात देत असेल तर आनंदाने घ्या.

तिसरा प्रकार तयार पेटंट औषधांचा. धूतपापेश्वर १८७२ मध्ये पनवेलला सुरू झालं, अमृतांजन १८९३ मध्ये मुंबईत, झंडू १९१० मध्ये मुंबईतच. गिरगावच्या डोंगरे बालामृताची बाटली तर घरोघरी होती. विलायती मालात वूडवर्ड्सचं ग्राइप वॉटर, पाठीवर मासा घेतलेल्या माणसाचं स्कॉट्स इमल्शन, आणि डॉ. कॉलिस ब्राउनचं क्लोरोडाइन. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या या लष्करी डॉक्टरने ते पटकीवर म्हणून बनवलं. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. आज ते यादीत वाचूनच धसका बसतो, तेव्हा मात्र ते जुलाबावर घरात ठेवलेलं असे.

बाटलीचं बूच ही किती गंभीर गोष्ट होती हे मुंबईइतकं कुठल्याच शहराला माहीत नसेल. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग असल्याचं निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केलं. जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे लस परळच्या प्रयोगशाळेत बनू लागली. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी ‘५३-एन’ क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. ठपका परळवर आला आणि हाफकिन यांना निलंबित केलं गेलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब नंतर पुढे आली. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. त्या काळातली लशीची बाटली हाती आली तर हे सगळं तिच्यासोबत येतं.

पायरी पहिली: आधी नवी बाटली हातात घ्या

जुनं ओळखण्याआधी नवं ओळखता यायला हवं. प्रिन्सेस स्ट्रीटला, म्हणजे शामळदास गांधी मार्गावर, प्रयोगशाळेच्या काचसामानाची आणि औषधांच्या घाऊक मालाची दुकानं आहेत. तिथून एक नवी तपकिरी बाटली आणि काचेच्या बुचाची एखादी नवी बाटली विकत घ्या. घरी आणून नखाने, बोटाने, उजेडात तपासा. काच सगळीकडे सारख्या जाडीची लागेल, सांध्याची रेघ बुडापासून थेट ओठाच्या कडेपर्यंत जाईल, आणि बुडावर साच्याचे क्रमांक किंवा ठिपके असतील. हे हाताला एकदा कळलं की बाजारात हातच आधी बोलतो.

पायरी दुसरी: कुठे शोधायच्या

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. शुक्रवारी तिथली बहुतेक नेहमीची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून जुम्मा बाजार भरतो. बाटल्यांसाठी हा बाजार बरा, कारण इथे माल गोणीतून आल्या आल्या मांडला जातो, धुतलेला-पुसलेला नसतो. उजाडायच्या आत गेलात तर टॉर्च न्या. लेबलाची बाटली आणि धूळ खाल्लेलं बूच इथेच सापडतं. दुकानात पोचेपर्यंत कुणीतरी ती घासून ‘चकाचक’ केलेली असते. भेंडी बाजाराचा मोठा पुनर्विकास चालू असल्याने काही दुकानं जागा बदलत असतात, तेव्हा मागच्या वेळचा ठिय्या जागेवर नसेल तर आजूबाजूला विचारा.

त्याहून चांगली जागा म्हणजे ओळखीपाळखीची घरं. बंद होणारा दवाखाना, वैद्यबुवांचं घर, कंपाउंडरचं काम केलेले एखादे आजोबा. अशा घरी बाटली मागायला म्हणून जाऊ नका, माहिती विचारायला जा. ‘काकू, यात नक्की काय असायचं? कुणी आणली होती?’ एवढं विचारलं की काकू सांगू लागतात: सासऱ्यांचा दवाखाना ठाकुरद्वारला होता, या निळ्यात एरंडेल असायचं, पावसाळ्याआधी सगळ्या पोरांना रांगेत बसवून द्यायचे. ती वाक्यं त्याच दिवशी लिहून ठेवा. त्यानंतरही काकूंनी स्वखुशीने बाटली दिली तर घ्या.

पायरी तिसरी: सांधा, तोंड, बूड

इथे वेळ घाला. बाटली विकत घ्यायची की नाही, ते याच पायरीवर ठरतं.

एक नमुना डोळ्यांसमोर आणू. तळहातात मावेल अशी, सहा बाजूंची, गर्द निळी बाटली. तीन बाजूंवर उभ्या धारदार कडा, इतक्या की डोळे मिटून बोट फिरवलं तरी अंगावर येतात. उरलेल्या तीन बाजू सपाट, त्यांतल्या एकीवर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘नॉट टू बी टेकन’, म्हणजे पोटात घ्यायचं नाही. आता अंगठ्याचं नख बुडापासून सांध्यावरून वर न्या. खांदा ओलांडून मानेच्या मध्यावर रेघ विरून जाते. वरचा ओठ वेगळ्या हत्याराने फिरवून घडवलेला आहे, म्हणून मानेवर आडव्या, बारीक, पुसट रेघा दिसतात. टॉर्च मागून धरली तर मानेत उभे ताणलेले, तांदळाच्या दाण्यासारखे बुडबुडे दिसतात, कारण काच फुंकताना तिथे वर खेचली गेली. बूड उलटं करून पाहा: एक बाजू जाड, दुसरी पातळ, आणि बाटली सपाट टेबलावर किंचित डुलते.

या खुणांवरून एवढं नक्की कळतं की बाटली साच्यात फुंकली गेली आणि तोंड नंतर हाताने घडवलं गेलं. पूर्ण यंत्राने बनलेल्या बाटलीत सांधा ओठावरून पार जातो. मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित बाटली-यंत्राला अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि पुढच्या दोन दशकांत तिकडे हातफुंकी बाटल्या झपाट्याने मागे पडल्या. म्हणून अमेरिकी नियम असा: सांधा ओठापर्यंत नसेल तर बाटली साधारण १९१५ च्या आधीची.

आपल्याकडे हा नियम चालत नाही. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडाने १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना काढला, कऱ्हाडजवळ ओगलेवाडी उभी राहिली, फिरोजाबादच्या भट्ट्या तर आजही तोंडाने काच फुंकतात. हिंदुस्थानी कारखान्यांत हातफुंकीचं काम अमेरिकेनंतर कित्येक दशकं चाललं. त्यामुळे मुंबईत मिळालेली, अर्धवट सांध्याची, बुडबुड्यांची बाटली १८९० ची असू शकते आणि १९५० चीही. ‘हँडमेड है, सौ साल पुराना’ असं दुकानदार म्हणाला तर पहिला अर्धा भाग खरा धरा, दुसऱ्यासाठी पुरावा मागा.

बुडाच्या मध्यभागी खरबरीत, फुटल्यासारखा गोल व्रण असेल तर गोष्ट वेगळी. तोंड घडवताना बाटली लोखंडी दांड्यावर चिकटवून धरत आणि नंतर तोडून काढत, त्याची ती खूण. पाश्चात्त्य बाटल्यांत ती साधारण १८६० च्या दशकानंतर दिसेनाशी होते, कारण बुडाला पकडायचे चिमटे आले. आपल्या हातभट्टीच्या मालात मात्र ती पुढेही सापडते. तेव्हा इथेही आकार, काच आणि अक्षरं एकत्र बघा.

पायरी चौथी: अक्षरं आणि लेबल

वय ठरवायला मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते लेबल. त्यावरचा पत्ता नीट वाचा. ‘बॉम्बे ४’ असा एक-दोन आकडी टपाल विभाग असेल तर लेबल १९७२ च्या आधी छापलेलं असण्याची शक्यता दाट, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ‘मुंबई’ असं इंग्रजीत लिहिलं असेल तर १९९५ च्या नामांतरानंतरचं. उत्पादन परवान्याचा क्रमांक छापला असेल तर ते औषध कायद्यानंतरचं. तो कायदा १९४० चा आणि त्याची अंमलबजावणी १९४७ पासून. माप औंसात की मिलिलिटरमध्ये, तेही पाहा. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने आली आणि साठच्या दशकात रुळली. जर्मन माल मात्र आधीपासूनच मेट्रिकमध्ये येई.

अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं टॉनिक किंवा आल्याचा अर्क मिळाला तर मुंबईकर म्हणून जरा थांबून बघाच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने अशा औषधांनाही वेढलं होतं. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंपुरत्या त्या तरतुदी रद्द ठरवल्या. आल्याचा अर्क दारू म्हणून पिणं तेव्हा सर्रास चाले, आणि औषधाच्या दुकानांवर पोलिसांची नजर असे.

उठावाच्या अक्षरांत धारदारपणा हवा. अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ, गोलसर वाटल्या तर दोन शक्यता: साचा झिजलेला होता, किंवा जुन्या बाटलीवरून साचा काढून नवी नक्कल ओतली आहे. नक्कल सहसा नको इतकी जड असते.

पायरी पाचवी: आता रंग

समुद्रहिरवट-निळसर काच सगळ्यात जास्त सापडते. तो रंग कुणी मुद्दाम दिलेला नाही. वाळूत नैसर्गिक लोह असतं, त्याची ती छटा. स्वस्त मिक्श्चरच्या बाटल्या बहुधा अशाच.

तपकिरी रंगामागे मात्र शास्त्र आहे. लोह, गंधक आणि कोळसा एकत्र येऊन भट्टीत तो बनतो, आणि ही काच अतिनील किरणांसकट जवळजवळ ४५० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड अडवते. सिल्व्हर नायट्रेट आणि जंतांवरचं सँटोनिन उजेडात बिघडतं. क्लोरोफॉर्मचं तर उजेड आणि हवा लागून फॉस्जिन या विषारी वायूत रूपांतर होतं. म्हणून भुलीचं औषध तपकिरी बाटलीत, थोडं अल्कोहोल मिसळून ठेवत.

निळा रंग कोबाल्टचा. अगदी थोडं कोबाल्ट ऑक्साइड पुरतं. ‘निळी म्हणजे विषाची’ असं बाजारात ठासून सांगतात आणि किंमत दुप्पट करतात. यातलं अर्धंच खरं आहे. इंग्लंडात १८६८ च्या फार्मसी कायद्याने विषारी द्रव्यांच्या विक्रीवर बंधनं आली आणि कार्बोलिक ऍसिड, कुचल्याचा अर्क, रसकपूर असला माल निळ्या किंवा हिरव्या, कडांच्या, कोनांच्या बाटल्यांत द्यायची रीत पसरली. रात्री मेणबत्तीच्या उजेडात चाचपडणाऱ्या माणसाच्या बोटाला धोका कळावा, हा हेतू. म्हणजे विषाची खरी खूण कडा आणि अक्षरं, निळेपणा नव्हे. एरंडेलाच्या उंच सडपातळ बाटल्या निळ्या होत्या, डोळे धुवायचे छोटे पेले निळे होते, मिल्क ऑफ मॅग्नेशिया निळ्या बाटलीत येई, व्हिक्सची डबी निळ्या काचेची होती. शिवाय कोबाल्टची काच निळा आणि जवळचा अतिनील उजेड बऱ्यापैकी आत सोडते, त्यामुळे उजेडापासून संरक्षण हे तिचं काम नव्हतंच.

गडद हिरवी क्रोमियमची किंवा भरपूर लोहाची. दुधी पांढरी मलमांची आणि क्रीमची. फिकट जांभळी असेल तर सावध. काचेचा हिरवेपणा घालवायला मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हळूहळू जांभळट होते. उन्हाने आलेली छटा बहुतेक वेळा हलकी असते. वांग्यासारखी गर्द जांभळी बाटली दिसली तर ती किरणोत्साराखाली ठेवून मुद्दाम रंगवलेली असण्याचा संशय धरा. लाल रंगाचीही तीच गोष्ट: औषधाच्या बाटल्यांत अस्सल लाल काच फार दुर्मीळ. आतून रंग फवारलेला आहे का ते ओठाच्या आतल्या कडेवर नख घासून पाहा.

आपल्याकडे रंगीत बाटल्यांचा आणखी एक संच घराघरांतून निघतो. पाणी किंवा तेल भरून, लाकडी फळीवर उन्हात ठेवून ‘सूर्यतप्त’ करण्याच्या निळ्या, हिरव्या, नारिंगी बाटल्या. रंगीत काचेतून रोग बरे करायची ही लाट १८७० च्या दशकात अमेरिकेत उठली आणि आपल्या निसर्गोपचारात मुरली. रोग बरे होतात याला वैद्यकीय आधार नाही, पण संग्रहात हा प्रकार असायलाच हवा, कारण तो आपल्या आज्यांनी वापरला. या बाटल्या औषधाच्या दुकानातल्या म्हणून विकल्या जातात. त्यांवर कंपनीचं नाव नसतं आणि बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या असतात.

पायरी सहावी: आत काही शिल्लक असेल तर

इथे उतावीळपणा जिवावर बेतू शकतो. भरलेली बाटली हुंगू नका, चाखणं तर दूरच. पिवळे स्फटिक असलेली, ‘पिक्रिक ऍसिड’ लिहिलेली बाटली दिसली तर तिला हातच लावू नका. पूर्वी भाजण्यावर हे वापरत. सुकलेलं पिक्रिक ऍसिड स्फोटक असतं आणि झाकणाच्या आट्यातलं घर्षणही त्याला पुरतं. जुन्या ईथरचंही तसंच, त्यात स्फोटक पेरॉक्साइड साठतात. अशा वेळी बाटली आहे तिथेच ठेवा, खोलीतली माणसं बाहेर काढा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवा.

सोमल, रसकपूर, कुचला या विषांचा चिकट किंवा पांढरा थर काचेत वर्षानुवर्षं राहतो. हातमोजे घाला, आणि उरलेला माल मोरीत ओतू नका. अफूच्या अर्काने भरलेली बाटली घरात बाळगणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात अडकवू शकतं. रिकामी, सुकी बाटली घ्या, भरलेली विकणाऱ्याकडेच राहू द्या. आणि कितीही धुतली तरी औषधाच्या जुन्या बाटलीत प्यायचं पाणी भरू नका.

पायरी सातवी: धुणं आणि अडकलेलं बूच

लेबल असेल तर बाटली पाण्यात बुडवायची नाही. आधी चारही बाजूंनी फोटो, मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकायची, मग फक्त उघड्या काचेवर ओलसर कापूस. फाटक्या लेबलावर सेलोटेप लावला तर त्याचा गोंद काही वर्षांत कागद तपकिरी करून टाकतो. त्याऐवजी बाटलीभोवती पातळ पॉलिएस्टरची पारदर्शक पट्टी सैलसर गुंडाळा आणि ती तिच्या स्वतःच्याच टोकाला चिकटवा, लेबलाला नाही.

लेबल नसलेली बाटली कोमट पाण्यात, सौम्य साबणाने. गरम पाणी नको, जुन्या काचेला तडा जायला वेळ लागत नाही. आतला थर निघत नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि पाणी घालून हळूहळू गोल फिरवा. चुनखडीचा पांढरा पापुद्रा व्हिनेगरने निघतो. जमिनीत पुरलेल्या बाटलीवर मोरपिशी, तेलकट चमक असते. ती घाण नसून काचेचा वरचा थर गंजून सुटल्याची खूण आहे, घासली तर काचच जाते.

काचेचं बूच अडकलं असेल आणि बाटली रिकामी असेल, तर बुचाच्या कडेने ग्लिसरिनचे दोन-चार थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मानेभोवती मिनिटभर धरा, म्हणजे मान किंचित प्रसरण पावते, आणि लाकडी उलथन्याच्या दांड्याने बुचाला दोन विरुद्ध बाजूंनी अगदी हलकं टकटक करा. ‘टक्’ असा आवाज बदलला की बूच सुटलं. पिळून काढायला जाऊ नका, मान तुटते. बाटलीत थेंबभरही द्रव दिसत असेल तर ऊब द्यायचीच नाही.

पायरी आठवी: मुंबईच्या हवेत जपणं

पावसाळ्यात दमट हवा लेबलावर बुरशी आणते आणि काही जुन्या काचेला अक्षरशः घाम फोडते. काचेतले क्षार बाहेर येऊन पृष्ठभाग निसरडा होतो, बारीक थेंब दिसतात, पुढे जाळीदार तडे जातात. अशा बाटल्या बंद, ओलसर कपाटात कोंडू नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. बूच घट्ट लावून ठेवण्यापेक्षा बूच आणि मान यांच्यामध्ये आम्लरहित पातळ कागदाची पट्टी ठेवा, म्हणजे ते पुन्हा अडकत नाही. मांडणी खिडकीच्या उन्हात नको: लेबल फिकटतं आणि मँगनीजची काच जांभळट होत जाते. रेल्वेलगतच्या इमारतीत राहत असाल तर प्रत्येक बाटलीच्या बुडाखाली संग्रहालयात वापरतात तसं मेणाचं बोटभर ठिगळ लावा, थरथरीने बाटल्या पुढे सरकत येतात.

तडा गेलेली दुर्मीळ बाटली घरी फेविक्विकने जोडू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून पाहा.

पायरी नववी: नोंद आणि कायदा

प्रत्येक बाटलीला क्रमांक द्या. वहीत उंची, बुडाचं माप, सांधा कुठे संपतो, अक्षरं, रंग, कुठून आली, कुणी काय सांगितलं, कितीला घेतली, हे लिहा. क्रमांक थेट काचेवर मार्करने नको. बुडावर पॅरालॉइड बी-७२ या लाखेचा ठिपका देऊन, तो सुकल्यावर त्यावर शाईने लिहितात. ही लाख अ‍ॅसिटोनने परत काढता येते. घरात क्रमांकापेक्षा गोष्ट महत्त्वाची, म्हणून ‘ठाकुरद्वारचा दवाखाना, एरंडेल, काकूंकडून’ अशी चिठ्ठी बाटलीत घालूनच ठेवा. तुमच्यानंतर वही हरवली तरी चिठ्ठी राहील.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला परदेशी नेता किंवा पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून एखादी निळी बाटली सामानात टाकण्याआधी ती शंभर वर्षांच्या आतली असल्याचा, म्हणजे पुरावस्तू नसल्याचा, दाखला घ्यावा लागतो. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. त्यांच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. तिथे जाताना बाटलीचे चारही बाजूंचे फोटो, मापं आणि वहीतली नोंद सोबत न्या.